कोल्हापुरातून कोकण किनाऱ्यावर जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी, नाताळ आणि मुलांच्या परीक्षा संपल्यावरचा आठवडा, या तीन वेळा आल्या की कोल्हापुरातल्या निम्म्या घरांत खाली कोकणात उतरायचे बेत सुरू होतात. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातली मंडळी तेच तेच विचारतात. त्यांना दिलेली उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. काही लांबली आहेत, काही एका ओळीत संपली आहेत.

कुठला किनारा निवडावा? गणपतीपुळे, देवगड, मालवण की वेंगुर्ला?

आधी बरोबर कोण आहे ते बघा. देवदर्शन आणि एक मुक्काम एवढंच असेल तर गणपतीपुळे. जवळ आहे, सोय भरपूर आहे, आरे-वारेचा रस्ता डोळ्यांचं पारणं फेडतो. पण पाण्यात खेळायचं असेल तर गणपतीपुळे माझ्या यादीत शेवटी. कारण पुढं सांगतो.

स्कूबा, पॅरासेलिंग, किल्ला, खाडीतली बोट असं सगळं दोन दिवसांत बसवायचं असेल तर मालवण, तारकर्ली, देवबाग. त्यामुळंच तिथं गर्दीही जास्त. नाताळच्या आठवड्यात तारकर्लीच्या रस्त्यावर दसरा चौकासारखी वाहनं अडकतात. शांतता हवी असेल तर आणखी दक्षिणेला सरका: भोगवे, निवती, वेंगुर्ला, शिरोड्याचं वेळागर. वेळागरला सुरूच्या बनातून चालत किनाऱ्यावर यायचं, हे माझं सगळ्यात आवडतं. देवगड आणि कुणकेश्वर हे मालवणची गर्दी आणि वेळागरची शांतता यांच्या मधले: कुणकेश्वरचं देऊळ अगदी समुद्राला लागून, किनारा लांबलचक, आणि महाशिवरात्रीची जत्रा सोडली तर गर्दी बेताची. आंब्याच्या दिवसांत मी देवगडच सुचवीन.

कुठल्या घाटानं उतरावं?

रत्नागिरी-गणपतीपुळ्याला मलकापूरवरून आंबा घाट. देवगड-विजयदुर्गला गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाट, खाली वैभववाडी-तळेरे. मालवणला राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. वेंगुर्ला-शिरोड्याला आजरा, आंबोली, सावंतवाडी. कुठंही गेलात तरी अंतर सव्वाशे ते पावणेदोनशे किलोमीटरच्या आत, पण वेळ किलोमीटरवर मोजू नका. चार-साडेचार तास धरा, चहा-नाश्त्याचा वेळ वेगळा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच निघण्यापूर्वी घाट सुरू आहे का ते विचारूनच निघा. दरड येते, रस्ता खचतो, कामं निघतात. करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी बंद ठेवला होता, तेव्हा कित्येक गाड्या गगनबावड्यापर्यंत जाऊन परत फिरल्या.

रात्री दाजीपूरच्या जंगलातून जाऊ नका. तिथला अभयारण्याचा रस्ता गव्यांचाही आहे, आणि काळा गवा काळ्या डांबरावर दिव्यात येईपर्यंत दिसत नाही. पहाटे पाचला निघालात तर उजाडता उजाडता जंगलात, न्याहारीला कणकवलीत. हाच हिशेब बरा.

रेल्वे किंवा एसटी?

एसटी आहे, आणि एकट्या-दुकट्याला चांगली आहे. रेल्वे मात्र नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे, मंजुरीही मिळाली, पण गाडी अजून धावत नाही. मालवण स्टँडवर उतरल्यावर तारकर्ली-देवबागला रिक्षा मिळतात. भाडं आधी ठरवा.

घाटात मुलांना उलट्या होतात. काय करावं?

उलटीची गोळी घाट लागल्यावर नाही, निघण्याआधी अर्धा तास, डॉक्टरांना विचारून. मधल्या सीटवर बसवा, मोबाइल काढून घ्या, काच खाली करा. आणि निघताना पोटभर मिसळ खाऊ घालू नका.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. हवा बरी, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, समुद्र शांत. ऑक्टोबरात पावसाचा गढूळपणा खाडीमुखांशी रेंगाळतो आणि ऊन भाजून काढतं. मार्चपासून दमटपणा वाढतो, दुपारी बाहेर पडवत नाही, पण ओले काजू, फणस आणि आंबा याच दिवसांत मिळतात. ज्याचं त्यानं ठरवावं.

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स सरकारी आदेशानं बंद असतात. मच्छीमारांचीही १ जूनपासून बंदी असते. या काळात कुणी 'माझी ओळख आहे, गुपचूप नेतो' म्हणालं तर त्याच्या होडीत पाय ठेवू नका. पावसाळ्यात कोकण बघायला जरूर जा: आंबोलीचे धबधबे, हिरवे सडे (सपाट खडकाळ माळ), भरून वाहणारे ओढे. पाण्यात मात्र उतरायचं नाही. घोट्याभरसुद्धा नाही, कारण त्या दिवसांतली एक मोठी लाट घोटा आणि कंबर यांतला फरक क्षणात पुसते.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळेल?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. मोबाइलवर भरतीच्या वेळा सांगणारी ॲप आहेत, ती वापराच. पण कोकणातली जुनी मंडळी ज्या हिशेबानं वेळ काढतात तो स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घरबसल्या करता येतो. तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. जे येईल तेवढे वाजता साधारण पूर्ण भरती. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदेपासून पंधरापर्यंतच मोजायचं.

चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून ही वेळ पहाटेचीही असते आणि दुपारचीही. तिच्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण ते एक तास पुढं सरकते. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, जागेप्रमाणं बदलतो, त्यामुळं शेवटचा शब्द गावातल्या माणसाचा.

याचा उपयोग काय? पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं आणि तितकंच जोरात उतरतं. आता आपली सहल आठवा. सकाळी घाट, दुपारी बाराला हॉटेल, जेवण, थोडी झोप, आणि अडीच-तीनला सगळे पाण्यात. पौर्णिमेच्या आसपास नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात जोरात मागं हटत असतं. संकष्टीचंही तसंच. चतुर्थीची भरती तीनला, म्हणजे गणपतीचं दर्शन घेऊन साडेचार-पाचला पुळणीवर उतरलेली गर्दी उतरत्या पाण्यात उभी असते. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं, त्याला भांग म्हणतात. लहान मुलं बरोबर असतील तर सुट्टी शक्यतो भांगाच्या दिवसांत घ्या.

आम्ही पंचगंगेत लहानपणापासून पोहतो. समुद्राची भीती कशाला?

भीती नको, पण पंचगंगेचा सराव समुद्रात फारसा कामी येत नाही. नदीचं पाणी एका दिशेनं वाहतं, काठ दोन्हीकडं दिसतो, घाटाच्या पायऱ्या कुठं आहेत ते माहीत असतं. समुद्रात लाटा पुळणीवर येतात, ते सगळं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूतल्या एखाद्या खोलगट पट्ट्यातून एकदम आत पळतं. यालाच रिप करंट म्हणतात. फसवं हे, की वरून तोच पट्टा सगळ्यात शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस येतोय आणि मध्येच दहा-पंधरा फुटांची गुळगुळीत जागा, तिथं रंग थोडा गढूळ किंवा गडद. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथंच उतरतो, कारण लाटा नाहीत.

गणपतीपुळे आणि आरे-वारे इथं किनारा उतरता आहे, लाटा अंगावर फुटतात, वाळूत खळगे पडतात आणि पाणी परतताना पायाखालची वाळू ओढून नेतं. तिथं बुडालेल्यांत कोल्हापूर-सांगली-कऱ्हाडकडची माणसं वारंवार असतात आणि त्यातली पुष्कळशी पोहता येणारी असतात. पोहता न येणारा गुडघ्याभर पाण्यातच थांबतो. पोहता येणाऱ्याला वाटतं, थोडं पुढं जाऊन येऊ.

तालमीत घाम गाळलेली पोरं याला अपवाद नाहीत. दमदार माणूस प्रवाहाविरुद्ध जास्त वेळ झगडतो, एवढंच.

रिप करंटमध्ये सापडलो तर?

किनाऱ्याकडं सरळ पोहायचा प्रयत्न करू नका. प्रवाह तुम्हाला खाली ओढत नाही, आत नेतो. पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, हात वर करून हाक द्या. मग किनाऱ्याला समांतर, डावीकडं किंवा उजवीकडं पोहा. हा पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडलात की जिथं लाटा फुटत आहेत तिथून किनाऱ्याकडं वळा, लाटाच तुम्हाला आणतील.

दुसरा कुणी सापडला असेल तर त्याच्यामागं उडी टाकू नका. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असं करून घरंच्या घरं उजाड झाली आहेत. दोर, रिकामा कॅन, थर्मोकोलचा तुकडा, गाडीची स्टेपनी, जे तरंगेल ते फेका. जीवरक्षकाला आणि होडीवाल्यांना ओरडून बोलवा.

पोहता येत नाही. स्कूबा करता येईल का?

येईल. मालवण-तारकर्लीला पर्यटक करतात ती बुडी उथळ पाण्यातली असते आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमच्या पाठीवरची टाकी धरून असतो. पोहणं त्याचं काम, श्वास घेणं तुमचं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात आधी सराव करून घेतात. तो घाईघाईत उरकत असेल तर तिथंच 'परत एकदा' म्हणा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. ज्यांना बुडीचं रीतसर प्रमाणपत्र हवं त्यांनी तिकडं चौकशी करावी.

बारीकसारीक गोष्टी कुणी सांगत नाही त्या अशा. श्वास फक्त तोंडानं, आणि कधीही रोखून धरायचा नाही. दोन-तीन फूट खाली गेल्यापासूनच कानावर दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की कान सुटतात. हे दुखायला लागायच्या आधी करायचं, आणि दर थोड्या अंतरावर परत करायचं. सर्दी असेल तर कान सुटत नाहीत, त्या दिवशी बुडी रद्द.

पाण्याखाली अंगठा दाखवायचा अर्थ 'वर चला' असा असतो. आपला माणूस प्रवाळ आणि रंगीत मासे बघून खूश होतो, 'लई भारी' म्हणून अंगठा वर करतो आणि प्रशिक्षक त्याला इमानदारीत वर घेऊन येतो. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आणि मिशा पिळदार असतील तर मास्कच्या खालच्या कडेतून थोडं पाणी झिरपतं. घाबरू नका, मास्क कसा रिकामा करायचा ते आधीच विचारून ठेवा. मिशी काढायची गरज नाही.

दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काहीही असेल तर स्कूबा नको. फॉर्मवर खरं लिहा. वर स्नॉर्कलिंगचा पर्याय आहेच, त्यात तोंड पाण्यात आणि पाठ उन्हात, म्हणून अंगात शर्ट ठेवा.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर पाय ठेवू नका, काही तोडू नका. दिसणं सगळं पाणी किती निवळ आहे त्यावर. इंटरनेटवरचे निळेशार व्हिडिओ पाहून जाल तर निराश व्हाल. सकाळची पहिली बुडी घ्या, तेव्हा पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं.

स्कूबा करून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी आलो तर चालेल?

हा प्रश्न मुंबईकरांना पडत नाही, आपल्याला पडायला हवा. बुडी मारल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असतो. म्हणून बुडीनंतर विमानप्रवास टाळायला सांगतात. ६०० मीटरच्या वरच्या उंचीलाही तोच नियम लावतात: एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त बुड्या मारल्या असतील तर १८. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे.

पर्यटकांची वीस-पंचवीस मिनिटांची उथळ बुडी असेल तर धोका फारच कमी. पण प्रमाणपत्राचा कोर्स करताय, दिवसात दोन-तीन खोल बुड्या मारताय, तर त्या रात्री खालीच मुक्काम करा. पहिल्या दिवशी बुडी, दुसऱ्या दिवशी किल्ला, मग घाट. बेत असाच आखला की प्रश्न उरत नाही.

पॅरासेलिंग, बनाना राइड, जेट स्की वगैरे सुरक्षित आहे का?

चालवणाऱ्यावर आहे. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावतात का, बोटीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं कोंबतात का, वारा वाढल्यावर थांबतात का, एवढं किनाऱ्यावर दहा मिनिटं उभं राहून बघितलं तरी कळतं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. तेव्हा किनाऱ्यापासून अंतर फार नव्हतं. बोटीत बसल्यावर जॅकेट काढून सेल्फी घेणाऱ्या मित्राला शिव्या घाला.

बनाना राइडवर मुद्दाम पाण्यात पाडतात. नको असेल तर आधी सांगा. पाच-सहा राइडचं एकत्र पॅकेज घेण्यापेक्षा एक-दोन नीट करा. पॅरासेलिंग मला आवडतं, बाकीचं सगळं एकाच हेलकाव्याचे प्रकार वाटतात. दर हंगामाप्रमाणं खूप बदलतात, म्हणून इथं लिहीत नाही. व्हिडिओचे पैसे धरले आहेत की वेगळे, तेवढं मात्र विचारा.

सिंधुदुर्ग किल्ल्याला किती वेळ द्यावा?

बोटवाले साधारण तासाभरानं परत बोलावतात आणि तो तास कमी पडतो. सकाळच्या पहिल्या फेरीनं जा. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात हा किल्ला बांधून घेतला. दरवाजा तटाच्या वळणात असा दडवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही कुठून शिरायचं. आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना चहूकडं खारं पाणी असून गोडं पाणी आहे.

श्री शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं. त्यांच्या पत्नी महाराणी ताराबाईंनी पुढं आपली कोल्हापूरची गादी उभी केली, तेव्हा कोल्हापूरकरानं तिथं दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही. मूर्ती नीट बघा: शिवाजी महाराजांना दाढी नाही.

टोपी, पाणी आणि पायात धड चपला. दुपारी बारा वाजता तटावर सावली नसते.

विजयदुर्ग वाट वाकडी करून बघण्यासारखा आहे का?

नक्की. आणि पन्हाळ्याचा माणूस तिथं परका नाही. हा किल्ला मुळात शिलाहार राजा भोज दुसरा याचा, ज्याची राजधानी पन्हाळा. पुढं महाराजांनी तो वाढवला, कान्होजी आंग्र्यांच्या काळात आरमाराचा तळ झाला. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही आहेत. गगनबावड्यानं उतरून विजयदुर्ग, संध्याकाळी कुणकेश्वर, दुसऱ्या दिवशी मालवण, आणि येताना फोंडा घाट. हा फेरा मला सगळ्यात नेटका वाटतो.

डॉल्फिन दिसतात का? आणि कासवं?

डॉल्फिन दिसतात, हमी कुणी देऊ शकत नाही. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत जा. पाठ आणि तिच्यावरचा पर दिसतो, क्षणभर. सर्कशीसारख्या उड्यांची अपेक्षा नको. होडीवाल्याला त्यांच्या मागं पळवायला लावू नका.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात पुळणीवर येऊन अंडी घालतात, पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणी हे आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचं, मंडणगडचं वेळास लांब पडतं. गावकरी आणि वन खातं घरटी राखतात. त्यांना फोन करून, पिल्लं सोडायची वेळ विचारून जा. फ्लॅश नाही, हातात घेणं नाही.

आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर आहेत. त्यांच्यासाठी काय?

देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी. खाडीचं पाणी शांत असतं, छपराच्या होडीत म्हाताऱ्या माणसांनाही बसवता येतं. संगमाजवळ वाळूचं बेट आहे, त्याला सुनामी आयलंड म्हणतात. ओहोटीला ते वर येतं. संगमाजवळच्या पाण्याला ओढ असते, तिथं पोहायला सोडू नका. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतो. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळं खंड्या आणि बगळे जवळून दिसतात. लहान मुलांना हे पॅरासेलिंगपेक्षा जास्त आठवणीत राहतं, असा माझा अनुभव.

पैसे न खर्चता बघण्यासारखं काही?

रापण. सकाळी मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या पुळणीवर माणसांच्या दोन रांगा दोर ओढताना दिसल्या की थांबा. होडीनं समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळं टाकलेलं असतं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर. दोन्हीकडची माणसं टाचा वाळूत रोवून मागं मागं सरकतात, हळूहळू एकमेकांच्या जवळ येतात. मधला घेर लहान होत जातो तशा वर घारी जमतात. जाळं पाण्याच्या कडेला आलं की आतलं पाणी उकळल्यासारखं फडफडतं. बांगडे, तारल्या, मधूनच एखादा पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा), ज्याला सगळे लांब ठेवतात. बायका टोपल्या घेऊन उभ्याच असतात, भाव तिथंच ठरतो.

ओढायला हात लावायचा असेल तर विचारून लावा. फोटो काढताना दोराच्या आत उभे राहू नका. आणि मासे घ्यायचे असतील तर तिथंच घ्या, उतरलेल्या जागेच्या मालकीणबाई करून देतात का ते आधी विचारून ठेवा.

गाडी पुळणीवर घालता येते का?

नाही. रुततेच, भरती थांबत नाही, ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं आणि पोलीस गुन्हा दाखल करतात तो वेगळाच. थार असली तरी.

जेवणाचं काय? आणि आमच्यात काही शाकाहारी आहेत.

तांबडा-पांढऱ्याची जीभ घेऊन गेलात तर पहिल्या घासाला मालवणी जेवण सौम्य वाटेल. तिखटाची तुलना करत बसू नका. तिथं खोबरं आणि तिरफळ काम करतात. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सुरमईची तळलेली तुकडी, तिसऱ्या, आणि शेवटी सोलकढी. सोलकढी आल्या आल्या पिऊन टाकायची नाही, भाताबरोबर राखून ठेवायची. कोंबडी-वडे खायचे तर घरगुती खानावळीत, आणि सकाळीच सांगून ठेवा.

शाकाहारी माणसाचे हाल होतात ही अफवा आहे. घावणे-चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी. जैन मंडळींनी कांदा-लसूण नको हे आदल्या दिवशी फोनवर सांगावं. आयत्या वेळी सांगितलं तर वरण-भातावर भागवावं लागतं.

जेलीफिश चावली किंवा पायाला काही लागलं तर?

जखम समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यानं नाही. वाळूनं चोळू नका. चिकटलेले तंतू चिमट्यानं काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्याचा शेक. श्वास लागला, चेहरा सुजला तर थेट दवाखाना. खडकांवर चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, अनवाणी जाऊ नका. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत चाला, म्हणजे खाली पाकट बसला असेल तर तो स्वतःच बाजूला होतो.

अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

११२ सगळ्यासाठी. रुग्णवाहिकेला १०८. समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४. बाकी उतरलात तिथल्या मालकांचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. घाटात आणि काही किनाऱ्यांवर रेंज जाते, म्हणून कुठं चाललोय आणि कधी परतणार हे त्यांना तोंडीही सांगून निघा.

येताना काय आणावं?

कोकम, आमसुलं, मालवणी खाजा, काजू, हंगामात आंबे. पेटीवर देवगड लिहिलंय म्हणून आत देवगडचाच हापूस असेल असं नाही, बागायतदाराकडून घ्या. सुकी मासळी आणायची तर दोन पिशव्यांत बांधून डिकीत ठेवा, नाहीतर राधानगरीपर्यंत सगळे खिडकीतून तोंड बाहेर काढून बसतील. प्रवाळाचे तुकडे कुणी विकायला आणले तर घेऊ नका. वन्यजीव कायद्यानं ते बाळगणं गुन्हा आहे.